अर्ध्या ताटाचे रविवार

माझ्या पर्समध्ये कायम एक स्टीलची वाटी असायची. लहानशी, काठाला पोचा आलेली, अंगणवाडीत पोरांना उसळ वाढायला असते तसली. रविवारी ढाब्यावर थाळी आली की मी ती वाटी काढायची, हॉटेलच्या मोठ्या वाटीतला रस्सा तिच्यात ओतायची आणि उरलेला माझ्या बाजूला सरकवायची. भाकरी मधोमध मोडायची. भात एक मूठ, तोही माझ्या मुठीनं. हे सगळं आमच्या ह्यांनी ताटाला हात लावायच्या आधी. वेटर लोकांनी मला 'वाटीवाल्या बाई' असं नाव ठेवलं होतं. ते मला माहीत होतं, आणि खरं सांगते, मला त्याचा तोरा होता.

मी अंगणवाडी सेविका. शिरूरच्या बाहेर, न्हावऱ्याच्या रस्त्याला एका वस्तीवर माझी अंगणवाडी आहे. पोरांची वजनं घ्यायची, दंडाला मापाची पट्टी लावायची, खाऊ शिजवायचा, सगळं फोनमध्ये भरायचं आणि त्यांच्या आयांना बोलायचं. बोलण्यात मी कुणाला ऐकत नाही. "पोराचा दंड बघ गं, काडी झालीय काडी, आन् तू मोबाइलात डोकं घालून बसतीस?" असं तोंडावर म्हणणारी बाई मी. पण ह्या नोकरीनं मला एक गोष्ट शिकवली. आईला दोन वाट्या भरवायला सांगितल्या तर ती एक भरवते. म्हणून एक पोटात जायला हवी असेल तर दोन सांगायच्या. सगळ्या वस्तीला मी अशी दुपटीनं सांगत आले आणि पोरं बरी बाळसं धरत गेली.

आमचे हे म्हणजे खाणारा माणूस. रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. कंपनीतली माणसं सांगायची, साहेब कुणाच्या पार्टीला आले की आचारी खूश व्हायचा. बाजरीची भाकरी चुरायची पद्धत त्यांचीच. आधी हातानं मऊ करून घ्यायची, मग तिच्यावर रस्सा, वर कांदा बुक्कीनं फोडून. बोलणं बंद. कपाळावर घाम. बघणाऱ्याला भूक लागावी असं जेवण होतं ते. मला लग्नानंतर पहिल्यांदा त्या माणसाची माया वाटली ती त्याला जेवताना बघून, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

रिटायर झाले त्याच वर्षी अंगठ्याला ठेच लागली आणि ती जखम भरेना. डॉक्टरकडं गेलो तर शुगर निघाली, तीही गोळ्यांना दाद न देणारी. मग इंजेक्शनचं पेन आलं. दिवसातनं तीनदा, जेवायच्या आधी, आकडा फिरवून पोटाला टोचायचं. डॉक्टर आकडा सांगत होते तेव्हा माझ्या डोळ्यापुढं सासरे होते. सासऱ्यांचा पाय शुगरनंच गुडघ्यापासून काढला होता. त्या पायाचं ड्रेसिंग मी दीड वर्ष केलंय, तो वास मी ओळखते. तेव्हाच मनाशी ठरवलं की काहीही होवो, ह्या माणसाचे दोन्ही पाय शाबूत ठेवायचे. माझं सगळं डोकं त्या दोन पायांवर होतं, म्हणून बाकीचं काही दिसलं नाही.

दवाखान्यातल्या बाईंनी आहाराचा कागद दिला. दुपारी दोन भाकरी, एक वाटी भाजी, एक वाटी आमटी, थोडा भात. मी तो कागद वाचला आणि मनात हसले. म्हटलं, बाई, तू मला शिकवतीस होय? हे वस्तीतलं माप मी रोज लावते. सांगणारं माणूस दुपटीनंच सांगतं, ह्या बाईही तेच करत असणार. दोन लिहिल्यात म्हणजे बाईंच्या मनात एकच आहे. दुसऱ्या दिवसापासून मी एकच भाकरी वाढायला लागले. अर्धी भाजी, अर्धी आमटी. इंजेक्शनचा आकडा मात्र कागदावर होता तोच, कारण औषधाशी खेळायचं नसतं, एवढी अक्कल मला होती.

नर्सनं पेन कसं टोचायचं ते शिकवताना आणखी एक सांगितलं होतं. ह्यांना म्हणाली, "मामा, घाम फुटला, हात थरथरले, कसंतरी झालं तर थांबायचं न्हाई. लगेच साखर तोंडात टाकायची. खिशात खडीसाखरेचे चार खडे कायम असू द्या." ह्यांना काय, आंधळा मागतो एक डोळा. दोन दिवसांत तिसऱ्यांदा त्यांना घाम फुटला. मी म्हटलं, वा रं वा, बरोबर जेवणानंतरच येतो का घाम? आणि शर्टाच्या खिशातली पुडी काढून मी डब्यात ठेवून दिली.  त्यांनी उठून टीव्ही लावला.

रविवारी माझी चूल बंद असते. वर्षानुवर्षांचा नेम आहे तो. लेक दौंडला दिलेली, तिची पोरगी लहान. म्हणून रविवारी सकाळची कामं उरकली की आम्ही गाडी काढायचो. ह्यांनी चालवायची, मी शेजारी. न्हावऱ्यावरून पुढं भीमेचा पूल ओलांडायचा, चौफुल्याला हायवेला लागायचं आणि दौंड. पुलाच्या अलीकडं एक ढाबा आहे, तिथं दुपारचं जेवण. काळं मटण, भाकरी, इंद्रायणी भात आणि रस्सा हवा तेवढा. तिथली रीत अशी की मालक स्वतः रश्श्याची बादली घेऊन फिरतो आणि तुमची वाटी रिकामी दिसली की न विचारता ओततो. नको म्हणायला वाटीवर हात आडवा धरावा लागतो. आमच्याकडं वाटीवर हात धरणं म्हणजे जरा अपमानच. मी धरायची.

"वहिनी, घेऊ द्या की आप्पांना. रस्साच हाय, मटण कुठं वाढतोय?"

"रस्साच तर नको. तेलाचा तवंग बघा केवढा हाय."

"आवो, तवंगाबिगर रस्सा म्हंजी पाणी."

"मग पाणी वाढा."

लोक हसायचे. हेही हसायचे. सुरुवातीला तर सगळा खेळच वाटायचा. माझ्या फोनमध्ये कॅलरी मोजायचं ॲप होतं, त्यात काळा रस्सा सापडायचा नाही. 'मटण करी' सापडायची, तीही कुठल्या देशातली कुणास ठाऊक. मग मी तवंगाचा अंदाज घेऊन दुप्पट आकडा टाकायची. भाकरी जाड दिसली तर दीडपट. म्हणजे बघा, खायला अर्धं द्यायचं आणि लिहायचं दुप्पट. संध्याकाळी ॲपवरची पट्टी हिरवी दिसली की मला शांत झोप लागायची. हे मात्र म्हणायचे, "अगं, ह्येच्यात चिमणी जेवंल." मी म्हणायची, "चिमणीला शुगर न्हाई."

वजन उतरायला लागलं. पँटला आतून टाके घालावे लागले. गळ्याची कातडी सैल झाली. भावकीतल्या बायका मला विचारायला लागल्या, काय करतीस गं नेमकं? मी सांगायची. कुणी विचारलं नाही तरी सांगायची. दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर काट्याकडं बघून म्हणाले, "छान उतरलंय. जेवण कागदाप्रमाणंच ना?" प्रश्न ह्यांना होता. हे तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "व्हय, अगदी कागदाप्रमाणं." मला भीती वाटली, की एकच भाकरी वाढते म्हटलं तर डॉक्टर पुन्हा दोन करतील. सगळी मेहनत मातीत जाईल. डॉक्टरांनी इंजेक्शनचा आकडा होता तसाच ठेवला. हे दारातनं बाहेर पडताना हळूच म्हणाले, "कागदावर दोन हायेत ना गं?" मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय?"

त्यानंतरचे तीन रविवार मला घड्याळातल्या वेळेसकट आठवतात. आता आठवतात. तेव्हा दिसले होते, पण दिसूनही काय उपयोग?

पहिल्या रविवारी जेवण होऊन आम्ही बडीशेप खात बसलो होतो. वर पंखा गरगरत होता, दिवस थंडीचे. ह्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब. मी रुमाल दिला. पुसले, परत आले. हात धरला तर गार, ओला, पाण्यातनं काढलेल्या फडक्यासारखा. "बरं वाटतंय ना?" "व्हय." "मग?" "काय न्हाई." नेमका शेजारच्या टेबलावरचा एक ओळखीचा माणूस उठून आला, वेफरचं पाकीट पुढं केलं, ह्यांनी दोन मुठी खाल्ल्या. मी चारचौघांत काही बोलले नाही, पण गाडीत चांगलं फैलावर घेतलं. थोड्या वेळानं ते नीट बोलायला लागले. मी समजले, बोलणी खाल्ल्यावर आलं माणूस ताळ्यावर.

दुसऱ्या रविवारी चौफुल्याला त्यांनी गाडी उजवीकडं घातली. म्हणजे यवतकडं, पुण्याच्या अंगाला. ज्या फाट्यावरून पोरीच्या लग्नापासून शेकडो वेळा गेलो, त्या फाट्यावर. मी म्हटलं, "अहो, कुठं निघालात?" तर त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओळख नसलेल्या माणसाकडं बघतात तसं. मग म्हणाले, "चुकलं." गाडी कडेला घेतली. तिथं टपरीवर चहा घेतला, त्यात साखर होती, आणि मला राग आला असूनही मी घेऊ दिला, कारण मी घाबरले होते. लेकीला मात्र हसत सांगितलं की तुझे बाबा म्हातारे झाले, रस्ता विसरतात.

तिसऱ्या रविवारी त्यांनी वेटरवर हात उगारला. ह्या माणसानं अख्ख्या नोकरीत हमालाला अरे म्हटलेलं नाही. वेटर बिचारा म्हातारा, त्यानं माझ्या सांगण्यावरून भाकरीची टोपली मागं घेतली, तर हे ताडकन उठले, खुर्ची पडली. तोंडातनं शब्द नीट येत नव्हते. मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "सकाळीच लावून आल्यात वाटतं." मी शरमेनं मेले. खायला कमी पडलं की माणूस चिडतो, एवढंच मला कळलं. बाहेर येऊन मी म्हटलं, "अन्नासाठी हात उचलता? लाज न्हाई वाटत?" ते रडले. साठी ओलांडलेला माणूस गाडीच्या दाराला धरून रडला आणि मी इकडंतिकडं बघत होते, कुणी बघत नाही ना.

आणि मग तो रविवार. नातीचा वाढदिवस होता. संध्याकाळी केक असणार, श्रीखंड-पुरी असणार, लेक आग्रह करणार आणि बापाला नाही म्हणवणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी आधीच हिशेब केला. संध्याकाळी जास्त जाणार, तर दुपारी कमी करायचं. ढाब्याच्या बाहेर, गाडीतच बसून, त्यांनी शर्ट वर करून पेन टोचलं, नेहमीचा आकडा. आत गर्दी. ताट यायला वेळ लागला. आल्यावर मी भाकरीचे चार भाग केले आणि एक त्यांच्या ताटात ठेवला. भात काढूनच घेतला. वाटीत अळणी पाणी, वर मटणाच्या दोन फोडी. ते ताटाकडं बघत बसले.

"एवढंच?"

"संध्याकाळी श्रीखंड हाय."

"बरं."

मला वाटलं होतं भांडतील. भांडले नाहीत. चतकोर भाकरी त्यांनी चुरलीसुद्धा नाही, तुकडे मोडून कोरडीच खाल्ली आणि हात धुतले. मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, लागली एकदाची शिस्त.

पूल ओलांडला. पुढं दोन्ही बाजूंना ऊस. रस्त्याच्या कडेला एक रसवंती होती, घुंगरं वाजत होती. ह्यांनी मला न विचारता ब्रेक मारला.

"रस घेतो."

"काय?"

"एक ग्लास. रस पायजे मला."

"डोकं फिरलं का तुमचं? शुगरचा माणूस रस पितो? एका ग्लासात किती असतं ठाऊक हाय?" मी फोन काढला आणि आकडा दाखवायला लागले. खरंच दाखवायला लागले. ते फोनकडं बघत नव्हते. त्यांचे हात स्टिअरिंगवर थरथरत होते. मी बघितले ते हात. दारुड्याचे हात बाटली दिसल्यावर थरथरतात, मला वाटलं तसलंच काही आहे.

"अगं, दे ना. अर्धा दे."

"थेंब न्हाई मिळायचा. चला पुढं."

तिसऱ्यांदा ते "रस" एवढंच म्हणाले. नुसतं तेवढंच. मग त्यांनी गिअर टाकला, एकदा चुकला, परत टाकला आणि गाडी निघाली. आजवर मी सांगितलेलं ऐकायचंच, अशी सवय मी लावली होती त्यांना.

पाच-दहा मिनिटं गेली असतील. मी लेकीला फोन करून सांगत होते, निघालोय म्हणून. गाडी हळूहळू डावीकडं जायला लागली. जोरात नाही. म्हशी पाण्याच्या चारीकडं उतरतात तशी, सावकाश, डांबरावरून मातीत, मातीवरून गवतात आणि पुढचं चाक चारीत जाऊन बसलं. ऊस काचेला लागला. मी किंचाळले. हे स्टिअरिंग धरून समोर बघत होते. डोळे उघडे, ओठ हलत होते, आवाज नाही. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला.

बाजूलाच गुऱ्हाळ होतं. तिथली माणसं पळत आली. त्यांनी ह्यांना धरून उतरवलं, बाजेवर टेकवून बसवलं. कुणीतरी तोंडाचा वास घेतला. म्हणालं, "न्हाई, पिलेलं न्हाई." माझ्या डोक्यात एकच. शुगर वाढली. आमच्याकडं शुगर म्हणजे वाढलेलीच असते, उतरलेली शुगर कुणी कधी बघितलीय? बायका बोलतात, किती वाढली गं तुझी? मला वाटलं, नक्की चोरून काहीतरी खाल्लं असणार. देवा शप्पथ, त्या वेळीसुद्धा मी हेच मनात म्हटलं.

गुऱ्हाळावरचा गुळव्या उत्तर प्रदेशातला होता, पांढऱ्या मिशांचा. तो वाटीत काकवी घेऊन आला, गरम गुळाचा पातळ पाक. ह्यांच्यापुढं गुडघ्यावर बसला आणि बोट बुडवून ओठाजवळ नेलं. म्हणाला, "भाभी, मीठा चटाने दो. मेरे बाप को ऐसा ही होता था." ह्यांनी ओठ उघडले. मी बघितलं. जीभ बाहेर आली. आणि मी त्या माणसाच्या हातावर फटका मारला. वाटी मातीत पडली.

"शुगर है उनको! मार डालोगे क्या?"

तो उठला. माझ्याकडं एकदा बघितलं. जाऊन दुसरी वाटी घेऊन आला. मी आडवी उभी राहिले. तो वाटी हातात धरून उभा राहिला. एवढ्यात ह्यांची मान कलली, डोळे वर गेले आणि हातपाय ताठ होऊन झटके यायला लागले. मग कुणी कुणाला काही चाटवायच्या पलीकडं गोष्ट गेली. एका ट्रॅक्टरवाल्यानं फोन करून जीप बोलावली. रविवार, वाटेतला दवाखाना बंद. दौंडला पोहोचेपर्यंत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी त्यांच्या तोंडाला लागलेली काकवीची एक रेघ पदरानं पुसत होते.

दौंडच्या दवाखान्यात नर्सनं बोट टोचलं, मशीनवरचा आकडा बघितला आणि दुसऱ्या बोटाला परत टोचलं. मग पळापळ झाली. सलाइन, इंजेक्शन. पोरगेला डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाला, "शुगर वाढली नाही काकू, संपली होती. मेंदूला साखर मिळाली नाही. जेवले किती होते?"

"चांगलं जेवले."

"शुद्धीवर होते तेव्हा गोड काही दिलं का? साखर, गूळ, काहीही?"

"न्हाई."

"मागितलं नाही त्यांनी?"

"न्हाई."

"जवळ काही नव्हतंच का?"

गाडी चारीत गेली तिथं आजूबाजूला नजर पोहोचेल तिथपर्यंत ऊस होता. मी म्हटलं, "नव्हतं."

पाच दिवस ते कोमात होते. मी देवाला हात जोडून सगळं कबूल केलं, नवस बोलले. डोळे उघडले तेव्हा लेक ओरडली, बाबा आले, बाबा आले. आले खरे. पण सगळे आले नाहीत.

आता ते चालतात. दोन्ही पाय शाबूत आहेत. बोलतात, पण बोलता बोलता थांबतात आणि शब्द शोधत राहतात. जेवले की नाही ते त्यांना समजत नाही. ताट वाढलं तर मी "जेवा" म्हणेपर्यंत हात लावत नाहीत, आणि "पुरे" म्हणेपर्यंत थांबत नाहीत. डॉक्टरांनी इंजेक्शन कमी केलं, जेवण वाढवलं. आता मी तीन भाकरी वाढते, रस्सा ओतते, वर हात आडवा धरत नाही. ते सगळं मुकाट्यानं खातात. भाकरी चुरायची कशी ते हात विसरलेत. मीच चुरून देते आणि ते वाट बघत बसतात, माझ्या अंगणवाडीतल्या पोरांसारखे. मी त्यांच्याकडं बघू शकत नाही.

लेकीकडं जाणं बंद केलं नाही. आता एसटीनं जातो. मागच्या रविवारी गाडी त्या रसवंतीपाशी थांबली, कुणी उतरणारं होतं. हे खिडकीपाशी बसले होते. घुंगरं वाजली तसं त्यांनी बाहेर बघितलं. मग म्हणाले, "अगं, मी त्या दिवशी रस मागितला व्हता का?"

त्या दिवसातलं त्यांना काही आठवत नाही. ढाबा नाही, चारी नाही, गुऱ्हाळ नाही, दवाखाना नाही. एवढंच आठवलं होतं.

मी म्हटलं, "न्हाई हो. तुम्ही काहीच मागितलं नव्हतं."

"आसं व्हय? मला वाटलं."

"भास हाय तो. डॉक्टर म्हणालेत तसं हुतं."

त्यांनी मान हलवली. लगेच पटलं त्यांना, मी सांगितलेलं पटतंच आता. मला वाटलं, सांगून टाकावं, पाय धरावेत. पण गाडी सुरू झाली आणि मी तिकिटं पर्समध्ये ठेवायला लागले.

दौंडला लेकीनं पाणी दिलं. ती हल्ली तोच तोच विषय काढते, रात्री झोप लागत नाही तिला. सारखं वाटतं, बाबांनी काहीतरी खूण दिली असेल आणि आपल्या कुणाच्या लक्षात आली नसेल. मला म्हणाली, "आई, खरं सांग. त्या दिवशी बाबा काही बोलले होते का? काही मागितलं होतं का त्यांनी?"

मी तोंड उघडायच्या आत हे बोलले. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा न अडखळता, अख्खं वाक्य.

"न्हाई गं पोरी, मी काहीच मागितलं नव्हतं. तुझ्या आईला विचार."

लेक माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "व्हय, काहीच नव्हतं मागितलं," आणि ग्लास उचलून आत गेले.